बघण्याची सावड

वीतभर

दहा कळ्या, एक मिनिट, एक चिमटा. हंगामाच्या तोंडाशी शेडनेटच्या दारात टेबल मांडून कंपनी जी परीक्षा घेते ती एवढीच, आणि शिवकन्या कायंदे एकोणीस वर्षं तिच्यात पहिली येत होती. टोमॅटोची कळी उमलायच्या आदल्या दिवशी धरायची. चिमट्यानं पाकळ्या सारायच्या, आतला पुंकेसरांचा पिवळा कोन अलगद उपसायचा आणि मधली हिरवी काडी उभीच्या उभी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीच्या टोकाला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. देऊळगाव राजाचा सगळा पट्टा याला क्रॉसिंग म्हणतो. काडी मोडली तर कळी गेली. पिवळं कुसळभर राहिलं तर त्याहून वाईट. फूल स्वतःचंच बी धरतं, संकरित बियाण्यात साधं बी मिसळतं, आणि काही महिन्यांनी ते कुणाच्या तरी शेतात उगवून चुगली करतं.

यंत्रांनी हे करून पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी सहा हातांचं एक यंत्र आलं. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यानं इतक्या काड्या मोडल्या की बायांनी त्याचं नाव बोकड ठेवलं. बोकड परत गेला. बाया राहिल्या.

यंदा शिवकन्येनं दहाही कळ्या वेळेत सोलल्या. फील्ड ऑफिसर तायड्यांनी त्या भिंगाखाली धरल्या, आणि तीन कळ्यांत पिवळं निघालं.

तायडे वाईट माणूस नव्हते. त्यांनी टॅबवर लगेच काही लिहिलं नाही. मावशी, महिन्यानं परत द्या परीक्षा, एवढं म्हणाले आणि मागच्या बाईला हाक मारली. पण रांगेतल्या अकरा जणींना कळायचं ते कळलं. महिन्यानंही पिवळं निघालं तर शिवकन्या नेटच्या बाहेर, उघड्या वाफ्यांवर, तण काढायला. आणि टोळीची मुकादमी तिच्या धाकट्या जावेकडे, सिमिंताकडे.

ती सेहेचाळीस वर्षांची होती. दोन वर्षं ती कळी लांब लांब धरत आली होती, आता हात पुरत नव्हता. गेल्या हंगामातल्या निम्म्या कळ्या तिनं नुसत्या बोटांच्या सवयीवर सोलल्या होत्या आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. चष्मा करून पाहिला. नेटच्या दमट उबाऱ्यात त्याला दोन मिनिटांत घाम फुटायचा आणि तो नाकावरून घसरून थेट कळीवर पडायचा. एकदा एक फांदीच मोडली.

बावीस मिलिमीटर

पुढच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, तालुक्याला डोळ्यांच्या संशोधन केंद्राची पांढरी गाडी उभी होती. आत डॉ. अस्मा तांबोळी होती. मूळची बीडची, पस्तिशीची, बोलायला लागली की हात हवेत काहीतरी मळतायत असं वाटायचं. तिनं शिवकन्येच्या डोळ्यांत स्नायू झोपवायचं औषध घातलं आणि अर्धा तास बसवून ठेवलं.

अर्ध्या तासानं शिवकन्या घाबरली. जवळचं जाऊच द्या. सहा मीटरवरचा तक्ता, रस्त्यापलीकडचा पिंपळ, पिंपळामागची टाकी, सगळंच ताकात पडल्यासारखं झालं होतं.

"मॅडम, तुम्ही होतं तेही घालवलं," ती म्हणाली.

"घालवलं नाही. तुमचा डोळा खरा कसा आहे ते आज पहिल्यांदा बाहेर आलं."

मग अस्मानं सांगितलं ते असं. डोळा ही एक खोली. पुढच्या खिडकीतून उजेड आत येतो, तिथल्या भिंगातून वाकतो, आणि मागच्या भिंतीवर, म्हणजे पडद्यावर, त्याचं चित्र जमतं. शिवकन्येची खोली उथळ होती. समोरून मागपर्यंत बावीस मिलिमीटर, तिच्या भिंगाच्या हिशेबानं हवी होती तेवीस. त्यामुळे चित्र जमायच्या आत खोलीच संपायची. ते पलीकडे, भिंतीच्या मागे कुठेतरी जमत राहायचं. अशा डोळ्यातलं भिंग एक बारीक स्नायू आवळून जाड करतो आणि चित्र ओढून पुढं आणतो. तरणेपणी भिंग मऊ असतं, स्नायूचं ऐकतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. वय वाढलं की भिंग घट्ट होतं, ऐकेनासं होतं. सगळ्यांचंच होतं. पण ज्यांची खोली आधीच उथळ, त्यांना त्याचा फटका लवकर आणि जोरात बसतो.

"बाकीची माणसं दूर बघताना डोळा सैल सोडतात," अस्मा म्हणाली. "तुम्ही दूर बघतानाही ओझं उचलत होता, आणि जवळ बघताना त्याच्या दुप्पट. जन्मल्यापासून."

 शिवकन्येला चौथीचा वर्ग आठवला. पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची, कपाळ ठणकायचं, आणि गुरुजी तिला मठ्ठ म्हणायचे. वर्षभर ऐकलं आणि मग तिनं शाळा सोडली होती.

"म्हणजे मी मठ्ठ नव्हते," ती म्हणाली.

"वर्गात सगळ्यांत जास्त मेहनत तुम्हीच करत होता."

हे ऐकून तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो भयंकर उत्साह. मग आता काय करायचं, तिनं विचारलं. आणि अस्मा ज्या क्षणाची वाट बघत होती तो आला, तिचे हात पुन्हा हवेत गेले.

जन्मतः बहुतेक सगळ्यांचे डोळे आखूड असतात. बाळ बघू लागतं आणि पडदा ओळखतो, की चित्र माझ्या मागे जमतंय. मग डोळा मागे वाढत जातो, चित्रापर्यंत पोचतो आणि थांबतो. कोंबडीच्या पिलांना भिंगं बांधून ठेवली तर त्यांचे डोळे त्या भिंगांबरहुकूम वाढतात, इतका पडदा हुशार. मोठेपणी हे दार बंद होतं. अस्माच्या चमूनं ते पुन्हा उघडलं होतं. पिवळ्या बाटलीतला थेंब रोज सकाळी एक, चाळीस दिवस, की डोळा वाढू लागतो. चाळिसाव्या दिवशी निळ्या बाटलीतला थेंब, दार कायमचं बंद. एका वेळी एकच डोळा, आधी उजवा. वाढलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, म्हणून घाई नाही.

आणि एक अट. वाढणाऱ्या डोळ्याला थांबायचं कुठं ते दूरचा उजेड सांगतो. रोज किमान दोन तास शंभर मीटरच्या पुढं बघायचं. नाही बघितलं तर डोळा समोर असेल त्यालाच सगळं जग समजतो आणि त्याच्या मापानं वाढत जातो. त्यासाठी अस्मानं एक बिनकाचेची चौकट दिली. ती नाकावर ठेवायची. नजर किती लांब जाते ते ती मोजणार आणि केंद्राला कळवणार.

शंभर मीटरच्या पुढं, दोन तास

पहिले एकोणीस दिवस शिवकन्येनं नेमानं बघितलं. अजून कळ्या धरल्या नव्हत्या, वेळ होता. ओट्यावर बसून ती घाटाचा रस्ता बघायची आणि चौकट संध्याकाळी फोनमधून म्हणायची, शाब्बास. सतराव्या दिवशी तिनं डावा डोळा झाकून उजव्यानं औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचली. ती तशीच उठून शेजारच्या तीन घरांतल्या बाटल्या वाचून आली. दोन बाटल्या मुदत संपलेल्या निघाल्या.

विसाव्या दिवशी तायड्यांच्या टेबलावर दहा कळ्या, अठ्ठेचाळीस सेकंद, पिवळं शून्य. तायड्यांनी भिंग पुसून पुन्हा बघितलं. शून्यच.

आणि एकविसाव्या दिवशी क्रॉसिंग सुरू झालं.

हे काम थांबत नाही. दुपारी कळ्या सोलायच्या, सकाळी पराग लावायचा, आज राहिलेली कळी उद्या फूल होते आणि परवा साधं फळ. नेटची जाळी इतकी बारीक की माशी आत येत नाही आणि नजर बाहेर जात नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, समोर वीतभरावर कळी, तिच्यापलीकडे पांढरा पडदा. दोन तास दूर बघायचे कुठून आणायचे? पंचविसाव्या दिवशीच्या तपासणीला केंद्रात जायचं होतं, तेही राहिलं. अस्मानं फोनवर आकडे बघितले, छान चाललंय म्हणाली, आणि चाळिसाव्याला या म्हणून सोडून दिलं.

उपाय सिमिंतानं काढला. या गावात अडलेलं काम सावडीनं होतं. आज चौघी माझ्या रानात, उद्या मी चौघींच्या. निंदणी, सोंगणी, लग्नातल्या पापडांपर्यंत सगळं. मग बघायचं काम सावडीनं का होऊ नये, असं तिचं म्हणणं. अक्काचे हात नेटमध्ये अडकलेत ना, मग बघते ना मी अक्कासाठी. टोळीला ते इतकं पटलं की चौकटीच्या पाळ्या लागल्या.

*दिवस २३. दूर: २ तास ११ मिनिटे. शाब्बास.*
(सिमिंता. संध्याकाळी ओट्यावर शेंगा सोलत, डोळे रस्त्यावर.)

*दिवस २६. दूर: ३ तास. शाब्बास. सातत्य ठेवा.*
(सासू. चुकलेल्या गाईची वाट बघत. गाय तीन तासांनी आली.)

*दिवस ३१. दूर: ५ तास ४० मिनिटे. आपण राज्यात पहिल्या आहात.*
(नवरा, परसराम. ट्रॅक्टर घेऊन जालन्याला.)

*दिवस ३४. दूर: ० तास. काही अडचण आहे का?*
(पुन्हा सासू. डोळा लागला.)

चौकटीला अंतर कळत होतं, नाक कळत नव्हतं. रोज सकाळी पिवळा थेंब मात्र शिवकन्येच्याच डोळ्यात पडत होता.

चार बोटं

आणि काय दिसत होतं तिला.

पस्तिसाव्या दिवशी तिनं कळी डोळ्याजवळ, अगदी चार बोटांवर आणली, आणि काडीच्या टोकावरचा ओलसर चिकटा तिला दिसला. त्यात रुतलेले परागाचे कण दिसले, एकेक सुटा, रव्यासारखा. एकोणीस वर्षं तिनं जे केवळ अंदाजानं केलं होतं ते आता समोर घडत होतं. चिमट्याच्या टोकाला गंज आलाय. कळीच्या देठावर पांढरी लव आहे आणि ती एकाच बाजूला झुकलीय. तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर एक जुना व्रण आहे आणि तो वेणीसारखा विणलेला आहे. ती मोठ्यानं सांगत सुटली. पलीकडच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, अक्काला आता आपल्या डोक्यातल्या उवाही दिसतील, पदर घ्या गं. सगळी ओळ हसली.

त्या आठवड्यात तिच्या हातून एकही कळी वाया गेली नाही.

तीस पावलं

छत्तिसाव्या दिवशी, दुपारी, नेटच्या दारात परसराम डबा घेऊन उभा होता. शिवकन्येनं घाम टिपला, डावा डोळा चोळत उजव्यानं पाहिलं आणि ओळीच्या टोकावरूनच सुनावलं, की दोन वाजले, डबा आणायला निघाले होते का डबा शिजवायला, आणि आता तिथं खांबासारखं उभं राहू नका. टोळी एकाएकी गप्प झाली. दारातला माणूस पुढं आला, अजून पुढं आला, आणि पाच पावलांवर आल्यावर त्याला तायड्यांचं तोंड फुटलं. त्यांच्या हातात डबा नव्हता, टॅब होता.

बाया हसून लोळल्या. तायडेही हसले. शिवकन्याही हसली, पण मग तिनं तळहातानं डावा डोळा झाकला आणि नेटच्या बाहेर येऊन उभी राहिली. घाटाचा रस्ता नव्हता. घाट नव्हता. तीस पावलांवर कडुनिंब होता, पण त्याला पानं नव्हती, नुसता हिरवा धूर. डावा उघडला की हे सगळं थोडंफार परत यायचं, आखूड डोळ्याच्या त्या जुन्या ओढाताणीतून.

तिनं त्याच दिवशी अस्माला फोन केला आणि सावडीचं सगळं सांगून टाकलं.  आजच निळा थेंब घाला, अस्मा म्हणाली. आत्ताच्या आत्ता, आणि उद्या पहिल्या गाडीनं या.

चोवीस मिलिमीटर

एक मिलिमीटर वाढायचा होता तो डोळा दोन वाढला होता. अस्मा यंत्रावरून उठली, खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. आधी तिनं स्वतःला दोष दिला. तपासणी चुकली तेव्हा आकड्यांवर विश्वास ठेवायला नको होता. आणि मग, लपवता लपेना अशा आनंदानं, तिचे हात पुन्हा हवेत गेले.

कारण असं कुणी केलंच नव्हतं. प्रयोगात आलेली सगळी माणसं शहाण्यासारखी अट पाळत होती. डोळा सरळ मापावर जाऊन थांबत होता. शिवकन्येचा उजवा डोळा मात्र कामावर जाऊन थांबला होता. वीत दीड वीत, बरोबर जिथं कळी असते तिथं. तिथं त्याला आता काडीचाही जोर लावावा लागत नव्हता. मोठ्या माणसाचा डोळा त्याच्या जगण्याचं माप घेतो, हे पहिल्यांदा दिसलं होतं.

शिवकन्येनं तिला थांबवलं. तिचा प्रश्न साधा होता, आता हा असाच राहणार का. हो, अस्मा म्हणाली. डोळा आखडत नाही. पण धोकाही नाही, कारण तुमचा मुळात आखूड होता, चोवीस म्हणजे चारचौघांसारखाच. आणि डावा अजून आहे. त्याला नीट दूर बघायला लावलं तर उजवा जवळचं बघेल, डावा दूरचं. मेंदू दोन आठवड्यांत शिकतो, कोणत्या वेळी कुणाचं ऐकायचं ते.

"आणि डाव्यानंही जवळच बघितलं तर?"

"तर तुम्ही पट्ट्यातल्या सगळ्यांत भारी क्रॉसिंगवाल्या," अस्मा म्हणाली, "आणि रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरायचा."

टेबलाच्या दोन बाजू

बातमी तिच्याआधी गावात पोचली होती. पंधरवड्यानं तायड्यांनी टेबल मांडलं, चहा मागवला आणि तिच्या ओळीतल्या पहिल्या फळांचा प्रयोगशाळेतला अहवाल पुढं सरकवला. शुद्धता शंभर टक्के. कंपनीच्या सगळ्या नेटमध्ये अशी दुसरी ओळ नव्हती. कंपनीनं केंद्राकडून थेंब वापरायचा परवानाही घेतला होता. आता योजना अशी, की टोळीतल्या तरुण बाया घ्यायच्या. दोन्ही डोळे. वीतभरावर. खर्च कंपनीचा, चाळिशीनंतरही कामाची हमी. मावशींचा डावाही त्यातच करून घेऊ. मुकादमाची शिफारस लागते, तेवढी सही हवी. नाही केली तर पुढच्या हंगामाला जी टोळी सही करेल ती नेटमध्ये जाईल, हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही. चहा पिता पिता सांगितलं.

शिवकन्येनं सही केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिला नेट हवं होतं. त्या पांढऱ्या जाळीत ती कुणीतरी होती. बाहेर ती चौथी नापास होती.

घरी सिमिंता वाट बघत होती. ती तेहेतीसची, डोळे धडधाकट, पोरगा सात वर्षांचा. तिला दोन्ही डोळे करून हवे होते, आणि का नसावेत? अक्काला आता परागाचा कण दिसतो. आपण मात्र अंदाजानं चिमटा मारायचा, आणि चाळिशीला टेबलावर पिवळं निघालं की खुरपं. शिवकन्या म्हणाली, तुझा डोळा मुळातच पुरेसा लांब आहे, तो अजून ताणला तर आतला पडदा विरत जातो, झिजलेल्या लुगड्यासारखा, मॅडमनं सांगितलंय. सिमिंताला ती सबब वाटली.

"पंधरा दिवस आम्ही तुझ्यासाठी बघितलं, अक्का," ती म्हणाली. "आता तू माझ्यासाठी एक सही करायला मागं सरतीस. ही कुठली सावड?"

 सावड न फेडता ठेवून घेणाऱ्या बाईला गावात नाव असतं, आणि ते चांगलं नसतं.

नेटपासून विहिरीपर्यंत

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत शिवकन्येनं सासूचा पोथी वाचायचा चष्मा आणला. जाड काचांचा, तीन नंबरचा. म्हाताऱ्या डोळ्याला तो जवळचं दाखवतो. चांगल्या डोळ्यावर चढवला तर उलटं होतं, दूरचं सगळं विरघळून जातं. हे तिला अस्मानं सांगितलं होतं. तिनं तो सिमिंताच्या नाकावर ठेवला आणि म्हणाली, ही माझी परतफेड. विहिरीपर्यंत चाल. तिथं पोचल्यावरही सही हवी असंल तर देते.

सिमिंतानं आधी कळी बघितली. बाई बाई, किती मोठी दिसायली, म्हणाली, आणि मजेत निघाली. दहा पावलांवर बांध लागला, तो तिला दिसला नाही, ठेचकाळली, हसली. वीस पावलांवर कुणीतरी समोर उभं दिसलं, तिनं नमस्कार केला. तो विजेचा खांब होता. मागून टोळी फिदीफिदी हसत होती.

विहिरीच्या कट्ट्यावर तिचा पोरगा बसला होता, शाळेतून आलेला. आई दिसली तसा तो उभा राहिला आणि त्यानं हात हलवला. सिमिंता त्याच्याकडेच तोंड करून चालत होती. पोरानं दोन्ही हात हलवले. मग हात खाली घेतले. आई आपल्याकडे बघतेय आणि ओळखत नाही, हे कसं होतं ते त्याला कळेना. तो मागं सरकला.

मागचं हसणं थांबलं होतं. त्या शांततेनं सिमिंताही थांबली. तिनं चष्मा काढला आणि समोर पोराचा चेहरा बघितला. बराच वेळ बघितला.

परत आली तेव्हा तिनं चष्म्याच्या दांड्या नीट मिटल्या, काचा पदरानं पुसल्या.

"मला नको," ती म्हणाली. "पण अक्का, नेट जाईल ना मग."

"बघू," शिवकन्या म्हणाली.

पुन्हा टेबल

तायड्यांना वाटलं सही आणलीय. शिवकन्येनं कागद कोराच परत ठेवला आणि तिचं म्हणणं मांडलं. ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांना हात लावायचा नाही. ज्यांचे मुळात आखूड आहेत, चाळिशीला तुम्ही ज्यांना बाहेर काढता, त्यांचा एक डोळा करायचा, एकच. त्या बाया नेटमध्ये राहतील, आणि त्यांच्या ओळीही शंभर टक्के निघतील. दुसरा डोळा दूरचा. त्यासाठी चाळीस दिवस, रोज दोन तास, नेटच्या बाहेर. ते दोन तास कामाचे धरायचे.

तायडे हसले. नुसतं बसून बघायचं, ते काम कसं?

"साहेब, ते काम माझ्यावाचून करून बघितलं. जावेनं केलं, सासूनं केलं, नवऱ्यानं ट्रॅक्टरवरून केलं. नाही झालं. उजवा तुमच्या कळ्यांना गेला. डावा माझा हाय."

तायड्यांनी सांगून पाहिलं की दुसऱ्या टोळ्या आहेत. आहेत, ती म्हणाली. पण जाळीआड अर्ध्या फांद्यांवर कळ्या होत्या, ढोबळी मिरचीचा हंगाम तोंडावर होता, आणि टोळीतल्या अकराही जणी टेबलाच्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.  चिमटे कुणाच्याच हातात नव्हते. तायडे फोन घेऊन कडुनिंबाखाली गेले. तो फोन पाऊण तास चालला.

परत आले तेव्हा म्हणाले, "चाळीस दिवस. आणि तेवढ्यात ओळी मागं पडल्या तर?"

"ओळी मागं पडणार नाहीत," सिमिंता म्हणाली. "हात उसने देता येतात."

कोसभर

कार्तिकातली सकाळ. डाव्या डोळ्यात पिवळा थेंब. नेटच्या मागच्या बरडावर एक सपाट दगड, त्यावर शिवकन्या.

पहिला अर्धा तास जिवावर आला. उभ्या आयुष्यात ती अशी बसली नव्हती, हात मांडीवर आणि हातांत काही नाही. बोटं आपोआप हवेत कळ्या सोलत होती. जाळीआड तिची ओळ सिमिंता सांभाळत होती आणि सोबत पाळीनं येणारी टोळीतली आणखी एक बाई होती. मधूनच आवाज यायचा, अक्का, पेंगू नको, काय दिसायलं ते सांग.

मग ती सांगू लागली. घाट. घाटाच्या अंगावर एक चर, नवी दिसते, नाहीतर जुनीच असंल आणि आपण कधी बघितली नसंल. चरीत काहीतरी पांढरं, शेळ्या असतील. नाही, एकच मोठं पांढरं, हलंना. खडक. आत कुणीतरी म्हणालं, शेळीचा खडक केला गं अक्कानं. शिवकन्येला राग आला नाही. डोळा जोर लावत होता हे तिला आता कळत होतं. कुठल्या स्नायूचं ओझं, तो कुठं बसतो, सगळं माहीत होतं. तिथं चित्र होतं, पडद्याच्या जरा मागं, केसभर मागं, आणि पडद्याला आता तिथवर जायची मुभा होती. आज केसभर. उद्या केसभर.

दूर, घाटाच्या रस्त्याला फुटणाऱ्या पायवाटेवर एक ठिपका हलला.

"माणूस हाय," ती आत ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "डोक्यावर काहीतरी हाय."

"बाई का बाप्या?"

"कळंना अजून."

चिमट्यांचे आवाज थांबले. आतल्या सगळ्या जणी तिच्या उत्तराची वाट बघत होत्या. ठिपका वळणावर आला. लुगडं असावं, लाल, नाहीतर विटकरी. डोक्यावर पाटी, नाहीतर भारा. चाल ओळखीची वाटली, मग वाटेना. तो इकडेच येत होता, पावलागणिक मोठा होत होता, आणि शिवकन्येला एकदम धसका बसला, की ही बाई आता जवळ येणार, आणि जवळ आली की कुणालाही ओळखू येणार, त्यात डोळ्याचं काय काम राहिलं.

ती दगडावरून उठून उभी राहिली.

"थांब बाई," ती पुटपुटली. "तिथंच थांब. डोळ्यानं मी येते तिथवर."